सुई बदलली, पिचकारी तीच

बंगलोरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक आमच्या खोलीवर आले, दोन कप चहा प्याले आणि म्हणाले, "माने, कारखान्याच्या दवाखान्यातले अनुभव लिहा. लोकांना हसवा. गणपतीत हसवताच की."

म्हणजे तुम्ही आता हसायच्या तयारीने बसला असणार. दवाखाना म्हटल्यावर एक गोरीपान नर्स असेल, आमचा तिच्यावर जीव जडला असेल, एखादा पेशंट इंजेक्शनच्या भीतीने अर्धी विजार वर ओढत पळाला असेल, आणि शेवटी सगळे बरे होऊन पेढे घेऊन येतील. माफ करा. नर्स होती, पण माझ्या आईच्या वयाची, आणि मला बघितलं की ती "फरशी!" एवढंच म्हणायची. पेढे कुणी आणले नाहीत. विजार ओढत एकजण पळाला होता, पण तो आमचा कॅशियर, आणि तो हा अंक विकत घेतो, म्हणून ती गोष्ट राहू द्या.

गणपतीत मी नकला करतो, पण नक्कल कागदावर होत नाही. आणि खरं सांगायचं तर मला राग आलाय. आज आलेला नाही, चांगला मुरलेला आहे. तर हा लेख रागाचा आहे. मधे हसू आलं तर हसा, मी काही अडवत नाही.

मी गडहिंग्लजचा. शाळेत मला सगळ्या मास्तरांच्या नकला येत होत्या, म्हणून मी मॅट्रिक पास झालो. मला आणखी एक वर्ष ठेवून घ्यायची कुणाचीच तयारी नव्हती. मामा बंगलोरला सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होता. त्याने मला तिथल्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून चिकटवला. ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा. आईने गावात सांगितलं, पोरगा साहेबलोकांना कपडे घालतो. अजून गावात तेच चालतं.

कारखान्याचा दवाखाना म्हणजे हॉस्पिटल नव्हे. डोळ्यात लोखंडाचा कीस गेला, बोट चेपलं, पाय भाजला, असे लोक यायचे. सोमवारी पोटदुखीवाले यायचे. ही पोटदुखी रविवारी लग्नाला गेल्याने होते आणि मंगळवारी आपोआप थांबते. तिच्यावर आम्ही गुलाबी औषध द्यायचो. पण आमच्या लोकांना बाटलीतल्या औषधात राम वाटायचा नाही. त्यांना सुई पाहिजे. थकवा आला, सुई. भूक लागत नाही, सुई. बायकोशी भांडण झालं, तरी येऊन दंड पुढे करायचे. सुई न टोचणारा डॉक्टर म्हणजे घंटा न वाजवता पूजा करणारा भटजी. आमच्याकडे नाही मिळाली तर बाहेर पेटेत, म्हणजे बाजारात, सुईवाल्यांची दुकानं होतीच. तिथे लाल रंगाचं शक्तीचं औषध मिळायचं. पिचकारी एक, सुई एक, मधून मधून स्पिरिटचा बोळा फिरवला की झाली पवित्र.

सिरिंज तेव्हा काचेची. आम्ही तिला पिचकारीच म्हणायचो. तिचे दोन्ही भाग सुटे करायचे, जाळीच्या कपड्यात गुंडाळायचे, भांड्यात घालून उकळायचे, निवू द्यायचे, चिमट्याने उचलायचे. घाई केली की काच तडकते. काच तडकली की आमचा कंपाउंडर शेषगिरीअण्णा तडकायचा. हे काम माझ्याकडे होतं आणि त्यात अवघड काही नाही, फक्त वेळ लागतो. कारखान्यात सगळं मिळायचं, वेळ सोडून.

आमचे डॉक्टर फौजेतून आलेले, कूर्गचे. सगळे त्यांना मेजरसाहेब म्हणायचे. फोन घेतला की आधी दोनदा घसा खाकरायचे, मग म्हणायचे, "येस. स्पीक." बस. एवढ्या दोन शब्दांना अख्खा कारखाना उभा राहायचा. तो आवाज मला पहिल्या आठवड्यातच जमला होता. कँटीनला फोन करून त्या आवाजात मी दवाखान्यासाठी वडे मागवले आहेत, आणि मेजरसाहेबांनी ते खाल्लेही आहेत, कुणी पाठवले ते न विचारता.

कामाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला उकळत्या भांड्यापाशी उभं केलं आणि म्हणाले, "सुई बदलली म्हणजे झालं असं समजू नकोस, मॅन. टोचताना रक्ताचा कण मागे पिचकारीत चढतो. डोळ्याला दिसत नाही. तो पुढच्या माणसात जातो. फौजेत टोचणीनंतर तुकडीची तुकडी पिवळी पडलेली मी पाहिलीय."

"लगेच, सर?"

"लगेच पडली असती तर बरं झालं असतं. दोन-तीन महिन्यांनी. तोवर कुणाला सुई आठवते?"

सुईची कावीळ म्हणायचे ते तिला. पाण्यातून येते ती कावीळ वेगळी, येते आणि जाते. ही रक्तातून येते, आणि काहीजणांच्या आत घर करून राहते. माणूस बरा दिसतो, कामाला लागतो, परत डोळे पिवळे. हे मी मुद्दाम सांगतोय. दवाखान्यात हे माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. माहीत होतं. भिंतीवर लिहायचं तेवढं बाकी होतं.

खंडोजीअण्णा पहिल्यांदा आला तो मनगट घेऊन. म्हणजे मनगट सगळेच घेऊन येतात, पण याच्या मनगटावर बोटभर लांब भाजल्याची रेघ होती आणि ती पिकली होती. मशीन शॉपमध्ये टर्नर. बंगलोरच्याच गवीपुरात पिढ्यान्पिढ्या राहणारं मराठा घर. त्यांची मराठी ऐकली की मला पहिल्यांदा वाटायचं, हा माणूस माझी नक्कल करतोय आणि मधेच कन्नड विसरत नाहीये.

"लेथवर भाजलं का अण्णा?"

"नाय रे अप्पा. होसकोट्याच्या फुडं एक खेडं हाय. तिथला मानूस डाग देतो. कामिनी उतरते म्हनतात." कामिनी म्हणजे कन्नडात कावीळ.

"उतरली?"

"स्वल्प."

मी त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. डोळे लिंबासारखे. पिकलेल्या लिंबासारखे. स्वल्प म्हणजे थोडी. ती थोडीसुद्धा उतरली नव्हती.

मी मेजरसाहेबांना हाक मारली. त्यांनी त्याला टेबलावर आडवा केला, उजव्या फासळीखाली बोटं घातली आणि बराच वेळ तिथेच ठेवली. ही कावीळ कितव्यांदा, विचारलं. तिसऱ्यांदा. दारू? "नाय सायबा. शनिवारी मारुतीचा उपास असतो. बाकीच्या दिवशी हिची भीती असते." ही म्हणजे तुळसाअक्का, त्याची बायको. सुया? हो, पेटेतल्या डॉक्टराकडे शक्तीच्या सुया घेत होता, पहिली कावीळ व्हायच्या आधी. शिवाय दर वर्षी कारखान्याची टोचणी.

मेजरसाहेब हात धुता धुता मला म्हणाले, "पेटेत मिळाली का आमच्याकडे मिळाली, देवाला माहीत." देवाला विचारायला कुणी गेलं नाही. आम्हालाही कुणी विचारलं नाही.

औषध काय द्यायचं? औषध नव्हतंच. विश्रांती, ग्लुकोज, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या, तेलकट बंद, जड काम बंद. टर्नरला सांगा जड काम बंद कर म्हणून. मेजरसाहेबांनी त्याला लेथवरून काढून हत्यारांच्या खिडकीवर बसवलं. तिथे बसून कामगारांना ड्रिल, गेज, कात्र्या द्यायच्या आणि परत घ्यायच्या. तो पोळलेला हात मी रोज धुवायचो, म्हणून आमची गट्टी जमली. तो मला फोरमनची नक्कल करायला लावायचा आणि हसताना उजव्या फासळीवर हात धरायचा.

घरी तुळसाअक्काने दुसरा दवाखाना काढला. पहाटे नेलनेल्ली, म्हणजे आपली भुईआवळी, वाटून ताकातून. दुपारी उसाचा रस. रात्री मऊ भात आणि वरण, त्यात तेलाचा थेंब नाही. एकदा मी गेलो होतो तेव्हा तो ताटाकडे बघून म्हणाला, "हिला वाटतं मी तान्हा हाय." आतून आवाज आला, "तान्ह्याला एवढी मिशी नसते. गुमान खा."

तो बरा व्हायचा. चेहऱ्यावर तेज यायचं, दोन जिने धापा न टाकता चढायचा. तुळसाअक्का मारुतीला तेल घालून यायची. परत एक दिवस सकाळी मला खिडकीतून हळूच बोलवायचा आणि डोळा खाली ओढून दाखवायचा. "बघ रे. मला आरशात नीट दिसत नाय." त्याला नीट दिसायचं. त्याला दुसऱ्याने सांगायला पाहिजे असायचं. मी काहीतरी वेडंवाकडं बोलायचो, लाइटच पिवळा आहे अण्णा, वगैरे. तो मान हलवायचा आणि जागेवर जाऊन बसायचा.

आता राग सुरू होतो.

शॉपमध्ये बोलायला लागले, हा पितो. कावीळ परत परत दुसऱ्या कशाने होणार? फोरमन रोज सकाळी खिडकीपाशी थांबून म्हणायचा, "खंडोजी, हा कर." आणि वास घ्यायचा. पन्नाशीच्या माणसाचं तोंड, सगळ्यांसमोर. वास नेलनेल्लीचा आणि ताकाचा. फोरमन म्हणायचा, "ताक पिऊन वास घालवतोय." बोला आता. माणूस निर्दोष असल्याचा पुरावा द्यायला जातो, तोच पुरावा त्याच्यावर उलटतो.

कँटीनमध्ये त्याच्या ताटाच्या पाठीला लाल रंगाचा ठिपका दिला. एक ताट, एक पेला. मी कँटीनवाल्याला म्हटलं, ही ताटातून होत नाही, रक्तातून होते. तो म्हणाला, "मग ठिपक्याने काय बिघडतं? त्यालाच स्वच्छ ताट मिळतं." मेजरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मूर्ख आहेत." बरोबर होतं ते. पण मूर्ख आहेत हे त्यांनी मला सांगितलं. मूर्खांना सांगितलं नाही.

तेवढ्यात मेडिकल बोर्डाची तारीख लागली. बोर्ड म्हणजे तीन डॉक्टर बसतात आणि ठरवतात की हा माणूस कामाला योग्य का अयोग्य. अयोग्य ठरला तर घरी. मेजरसाहेबांचं म्हणणं, खिडकीवरचं हलकं काम हा माणूस अजून कितीतरी वर्षं करेल. फोरमनचं म्हणणं, दारुडा माणूस हत्यारांवर नको. खंडोजीअण्णाला दोन गोष्टी वाचवायच्या होत्या, नोकरी आणि नाव. मला वाटतं नावाची काळजी जास्त होती. तुळसाअक्का म्हणायची, "नोकरी गेली तर मी फुलं विकीन. पन हा पितो म्हनून गेली, असं मला ऐकायचं नाय."

त्या उन्हाळ्यात शहरात कॉलऱ्याची हाकाटी झाली आणि वरून हुकूम आला, सगळ्या कारखान्याला टोचणी. एकेक शॉप, पाळी बदलायच्या वेळेत, मशीन थांबता कामा नये. मशीन शॉपच्या दिवशी शेषगिरीअण्णा आणि मी सामान घेऊन गेलो. सुया ढीगभर उकळून आणलेल्या. पिचकाऱ्या तीन. एकेका पिचकारीत दहा-दहा माणसांचं औषध भरायचं, माणूस बदलला की फक्त सुई बदलायची. मी सकाळीच मेजरसाहेबांना म्हटलं होतं, सर, पिचकाऱ्या कमी पडतात. ते म्हणाले, "मला माहीत आहे. मी लिहून दिलंय वर. वरचे म्हणतात, एका पाळीत संपवा." आणि ते वरच्यांच्याच मीटिंगला गेले.

शॉपमध्ये रांग लागली. फोरमन हातात घड्याळ घेऊन उभा. शेषगिरीअण्णाचा हात सुतारपक्ष्यासारखा चालला होता. पुस, टोच, सुई काढ, सुई लाव, पुस, टोच. आणि रांगेत, पाच-सहा माणसांच्या मागे, खंडोजीअण्णा. बाही कोपराच्या वर गुंडाळून.

मी त्याच्याजवळ गेलो. "अण्णा, तुला टोचून घ्यायचं नाही असं साहेबांनी सांगितलंय."

"नाव पुकारलं रे माझं. न्हाय म्हटलं तर फोरमन म्हनेल, बघा, आजारी हाय. बोर्ड चार दिवसावर आलंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सगळ्यांसारखा उभा ऱ्हातो अप्पा. एक दिवस."

मी मागे बघितलं. त्याच्या मागे ट्रेनिंग स्कूलचे अप्रेंटिस. सतरा-अठराची पोरं. मिशा फुटायच्या. दंड पुढे करून एकमेकांना चिमटे काढत होती.

मी शेषगिरीअण्णाच्या कानाला लागलो. "अण्णा, खंडोजीनंतर पिचकारी बदला. नाहीतर उकळायला थांबू."

"सुई बदलतोय की."

"सुईने होत नाही. तुम्हाला माहीत आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. माहीत होतं त्याला. मेजरसाहेबांनी माझ्या आधी त्यालाच त्या भांड्यापाशी उभं केलं असणार. तो हळूच म्हणाला, "सुम्नं इरु." म्हणजे गप राहा. आणि डोळ्यांनी फोरमन दाखवला.

मी फोरमनकडे गेलो. म्हटलं, थोडं थांबवा, पिचकाऱ्या उकळू द्या. "किती वेळ?" म्हटलं, अर्धा तास. तो हसला. माझ्या पांढऱ्या कोटाची कॉलर दोन बोटांत धरून म्हणाला, "हा कोट घालून डॉक्टर झालास काय? जा. कापूस दे."

आता मी तिथेच ओरडून सांगितलं असतं, की या माणसाच्या रक्तात कावीळ आहे आणि मागच्या पोरांना द्याल, तर रांग मोडली असती. पण मग खंडोजीअण्णाचं काय? त्याला त्या दिवशी सगळ्यांसारखं उभं राहायचं होतं. मी कापूस शेषगिरीअण्णाच्या हातात दिला आणि स्टोअरच्या खोलीकडे पळालो. तिथे फोन होता. फोरमनच्या काचेच्या केबिनमधला नंबर मागितला. काचेतून दिसत होतं, फोरमन शिव्या घालत आत गेला आणि फोन उचलला.

मी दोनदा घसा खाकरला.

"येस. स्पीक."

फोन मी केला होता आणि स्पीक पण मीच म्हणत होतो. पण त्या आवाजाला असे प्रश्न कोण विचारणार? काचेपलीकडे फोरमनची पाठ ताठ झाली. "गुड मॉर्निंग, सर. टोचणी चालू आहे, सर."

"स्टॉप इट. एका माणसाला एक उकळलेली पिचकारी. नाहीतर टोचणी नाही. अंडरस्टँड?"

"पण सर, पाळी..."

"आय सेड स्टॉप!" हे इतकं झकास जमलं की माझंच अंग शहारलं.

फोरमन केबिनच्या दारात येऊन ओरडला, "स्टॉप! सगळे थांबा! डॉक्टरसाहेबांची ऑर्डर!" मी धावत परत आलो. खंडोजीअण्णा दंडावर कापूस धरून बाही खाली करत होता. त्याच्या मागच्या पोराच्या दंडावर स्पिरिट लावून झालं होतं. शेषगिरीअण्णाने पिचकारीला नवी सुई लावली होती आणि ती हवेत तशीच धरून तो उभा होता. मग त्याने ती ताटलीत ठेवली. एवढ्या हळू ठेवली की आवाज आला नाही.

आणि सगळे बघायला लागले, रांग कुणापाशी थांबली ते.

फोरमन आज्ञाधारक माणूस. त्याने मीटिंगमध्ये फोन लावून मेजरसाहेबांना कळवलं की आपल्या हुकमाप्रमाणे थांबवलं. पाच मिनिटांत मेजरसाहेब हजर. मी मनातल्या मनात गडहिंग्लजचं तिकीट काढलं. त्यांनी ताटलीकडे बघितलं, खंडोजीअण्णाकडे बघितलं, पोरांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलंच नाही. घसा दोनदा खाकरून फोरमनला म्हणाले, "माझी ऑर्डर आहे. काही अडचण?"

दवाखान्यात परत आल्यावर मला म्हणाले, "फोनवर माझा आवाज जरा बसलेला वाटला म्हणे. मला सर्दी झालेली नाही, मॅन."

"नाही, सर."

"पुन्हा झाली तर तुला गेटबाहेर टाकीन."

टोचणी पाच पाळ्यांत झाली. कारखाना बुडाला नाही. मशीनं रडली नाहीत. ती पोरं आज कारखान्यात टर्नर-फिटर आहेत, लग्नं झालीत, त्यातला एक भेटला की माझ्या नकलांमुळे मला अजून "सिनेमावाले" म्हणतो. एवढं झालं.

पण दुसऱ्या दिवसापासून हत्यारांच्या खिडकीवर लोक कागद घेऊन यायला लागले. कागदात धरून ड्रिल घ्यायचे. एकाने तर चिमटा आणला होता. आधी तोंडाचा वास यायचा म्हणायचे, आता रक्तात विष आहे म्हणायला लागले. दोन्ही एकदम कसं, हे कुणाला पडलं नव्हतं. विष असेल तर दारू नव्हे ना? नाही, म्हणे दारूनेच रक्त नासलं. मी मेजरसाहेबांना म्हटलं, सर, शॉपमध्ये पाच मिनिटं बोला. ते म्हणाले, "मी डॉक्टर आहे, कीर्तनकार नाही." मी कागदवाल्यांशी भांडायचो, तर ते म्हणायचे, माने, फोरमनची नक्कल कर की. लोकांना सगळं करून दाखवता येतं. समजावता काही येत नाही.

बोर्डासमोर शॉपच्या माणसांनी सांगितलं, आम्ही याच्या हातून हत्यारं घेणार नाही. खिडकीवरचं काम असं संपलं, आणि दुसरं हलकं काम नव्हतं. अयोग्य. मेजरसाहेब बोर्डाशी भांडले असं कळलं. त्यांनी एवढं करून घेतलं की कारण म्हणून यकृताचा आजार लिहिला आणि दारूचं नाव कुठे येऊ दिलं नाही. पण बोर्डाचा कागद कोण वाचतो? शॉपमध्ये जे ठरलं होतं तेच ठरलेलं राहिलं.

आता मेजरसाहेब म्हणतात, परदेशात रक्तात ही कावीळ ओळखायची काहीतरी तपासणी निघतेय. निघू दे. तपासणी आली तरी पिचकारी उकळायला वेळ कुठून आणणार, ते काही परदेशातून येत नाही. आणि ताटाच्या ठिपक्यावर औषध कोण काढणार? याच्यावर मला राग आहे. माहीत नसलेल्यांवर नाही. माहीत असून घड्याळाकडे बघणाऱ्यांवर आहे, आणि माहीत असून खासगीत सांगणाऱ्यांवर आहे.

बोर्डाच्या निकालानंतर मी गवीपुरात गेलो. खंडोजीअण्णा मेव्हण्याच्या सायकलच्या दुकानात बसायला गेला होता. तुळसाअक्का एकटी होती, जोंधळे निवडत. मी उंबऱ्यात बसलो आणि माझी बाजू सांगायला लागलो. अक्का, मी नाव घेतलं नाही त्याचं. मी ओरडलो नाही. मुद्दाम फोन केला, त्याची इज्जत जाऊ नये म्हणून.

तिने सूप खाली ठेवलं.

"लाइन थांबवलीस ते बरं केलंस. आईबापांची पोरं ती. मी त्याबद्दल काय बोलत नाय. पन माझा नवरा तिथं उभा होता ना? सगळे त्याच्याकडं बघत होते ना? मग तू काय केलास?"

"काय करणार होतो अक्का? साहेबांचा आवाज काढला, तेवढंच येतं मला."

"तेच विचारते. आवाज काढलास ना तू? त्या फोरमनची पाठ ताठ झाली ना? मग त्याच आवाजात आनि दोन वाक्यं बोलायला तुझी जीभ झडली होती? हा मानूस पीत नाय. याच्या हातचं घेतल्यानं कुनी मरत नाय. एवढंच. त्या आवाजातलं सगळे ऐकत होते, तुझ्या आवाजातलं कोन ऐकतं? एवढा मोठा आवाज हातात होता, आनि तू तो ठेवून आलास!"

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिने हात केला.

"माझ्याकडं येऊन इज्जत सांगू नको. मी वर्षभर तुझ्याकडं बघते. हसवतोस, छान हसवतोस. ह्यांनी खिडकीवर बसून तुझ्या नकलेला हसायचं, आनि कँटीनमदी लाल ठिपक्याच्या ताटात जेवायचं. एक दिवस त्या ताटात त्यांच्यासंगं जेवायला बसला असतास तर शंभर लोकांनी बघितलं असतं. बसलास?"

बसलो नव्हतो. मला ते सुचलंच नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं.

ती उठली, आत गेली, आणि ताक घेऊन आली. पितळी पेला, काठावर जरा चेपलेला. खंडोजीअण्णाचा. त्याला मी त्यातून कितीदा पिताना बघितलेलं. तिने तो माझ्यासमोर ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

आता हे मी शपथेवर सांगतो. ताकावर कढीपत्त्याचं पान तरंगत होतं आणि मी ते कुठल्या बाजूला सारावं एवढंच बघत होतो. ही कावीळ पेल्यातून होत नाही हे अख्ख्या कारखान्याला मीच सांगत फिरलो होतो. मी पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. पानासकट.

तुळसाअक्काने पेला माझ्या हातातून काढून घेतला.

"पिलास," ती म्हणाली. "पन आधी बघितलास. ते कागद घेऊन येनारे पन बघूनच घ्यायचे हत्यार. जा आता, आनि परत येशील तेव्हा न बघता पिनार असशील तरच ये."